ट्राय-कॅचनंतर ‘व्हेरिएबलला किंमत दिलेली नाही’ ही त्रुटी वारंवार येत असेल तर

इंदुरातील लहानमोठ्या व्यापाऱ्यांसाठी पावती, साठा आणि वजनाच्या नोंदी ठेवणारे प्रोग्राम लिहिण्याचे आणि इतरांनी लिहिलेले दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे. या काळात एक दोष इतक्या वेळा हाताखालून गेला आहे की तो कोणत्या क्रमाने शोधावा हे एकदा नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. एक्सेप्शन, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये उद्भवणारी अडचण, हाताळण्यासाठी ट्राय (धोक्याच्या ओळी) आणि कॅच (त्या फसल्यास चालणाऱ्या ओळी; पायथनमध्ये एक्सेप्ट) घातलेले असतात, आत एखाद्या व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला, किंमत दिलेली असते, आणि तेच व्हेरिएबल बाहेर वापरताना प्रोग्राम अडतो. पुढील तपासण्या सर्वांत सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होतात. कोड देवनागरीत लिहून दाखवला आहे. प्रत्यक्षात ट्राय, एक्सेप्ट वगैरे शब्द त्या त्या भाषेच्या मूळ रूपातच टाकावे लागतील.

लक्षणे

हा एकच दोष प्रत्येक भाषेत वेगळ्या तोंडाने बोलतो, म्हणून आधी लक्षण ओळखावे.

जावामध्ये प्रोग्राम चालतच नाही. ‘व्हेरिएबल माइट नॉट हॅव बीन इनिशियलाइझ्ड’ असे सांगून कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) थांबतो. सी-शार्पमध्ये याच जागी ‘यूज ऑफ अनअसाइन्ड लोकल व्हेरिएबल’ असा संदेश येतो.

पायथनमध्ये प्रोग्राम सुरू होतो, कित्येक दिवस व्यवस्थित चालतो, आणि एके दिवशी ‘अनबाउंड लोकल एरर’ देऊन बंद पडतो. जुन्या आवृत्त्यांत हा संदेश ‘रेफरन्स्ड बिफोर असाइनमेंट’ असा असे. २०२२ मध्ये आलेल्या ३.११ पासून त्याची शब्दरचना बदलली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातला मजकूर जुळला नाही तरी गोंधळू नये.

पीएचपीमध्ये ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ येते. २०२० च्या ८.० आवृत्तीपूर्वी ती केवळ नोटीस होती आणि बऱ्याच ठिकाणी नोटिसा दाखवणेच बंद ठेवलेले असे. आता ती वॉर्निंग आहे. त्यामुळे सर्व्हरवरील पीएचपी नवे झाल्याबरोबर जुना कोड अचानक तक्रार करू लागतो, पण दोष आधीपासूनच तिथे असतो.

जावास्क्रिप्टमध्ये ‘इज नॉट डिफाइन्ड’ अशी रेफरन्स एरर येते किंवा काहीच येत नाही, आणि पावतीवर रकमेच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ अथवा ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) छापले जाते.

सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये बहुतेक वेळा कोणताही संदेश येत नाही. आकडा मात्र चुकीचा येतो, आणि दर खेपेस वेगळा चुकीचा येऊ शकतो.

किंमत कधी पोचते

तपासणीला हात घालण्याआधी एक बाब मनाशी पक्की करावी, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. ‘वजन = काटा_वाचा(पोर्ट)’ असे आपण लिहितो तेव्हा आधी बरोबरच्या चिन्हाची उजवी बाजू पूर्ण होते आणि त्यानंतरच डावीकडच्या नावाला किंमत मिळते. उजवीकडचे फंक्शन मध्येच एक्सेप्शन फेकून बाहेर पडले, तर डाव्या नावापर्यंत काहीच पोचत नाही. शून्य नाही आणि रिकामी किंमतही नाही. ट्रायमध्ये ओळ लिहिली आहे म्हणजे किंमत मिळालीच, ही समजूत या दोषाचे मूळ आहे.

पहिली तपासणी: संदेश पूर्ण वाचावा

यात पैसा लागत नाही आणि पाच मिनिटे जातात, तरीही बहुतेक जण ती टाळतात. संदेशात जो ओळक्रमांक येतो तो व्हेरिएबल वापरले गेले त्या ओळीचा असतो. दोष तिच्या वर कुठेतरी असतो, आणि त्या ओळीत फेरफार करत बसल्यास हाती काही लागत नाही.

पायथनच्या अहवालात दोन त्रुटी एकाखाली एक दिसल्या आणि त्यांच्यामध्ये, आधीची त्रुटी हाताळत असताना दुसरी उद्भवली, अशा अर्थाचे वाक्य दिसले, तर वरची त्रुटी खरी समजावी. खालची ‘अनबाउंड लोकल एरर’ तिची परिणती असते. वर ‘टाइमआउट’ किंवा ‘परमिशन’ असा शब्द असेल तर केबल, फाइलचे अधिकार किंवा नेटवर्क आधी पाहावे. मात्र एक्सेप्ट ब्लॉक शांतपणे संपून त्यापुढच्या ओळीवर प्रोग्राम पडला असेल, तर मूळ त्रुटी अहवालात येत नाही. ती तुम्ही स्वतः लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइलमध्ये) लिहिली असेल तरच सापडते. एक्सेप्टमध्ये नुसते ‘पास’ (काहीही न करता पुढे जा) लिहिलेले आढळले, तर बाकी सर्व सोडून आधी तिथे मूळ त्रुटीची नोंद घालावी.

दुसरी तपासणी: नाव आणि त्याची हद्द

नावाचे स्पेलिंग दोन्हीकडे तंतोतंत एक आहे का ते पाहावे. ट्रायमध्ये ‘एकूण_वजन’ आणि बाहेर ‘एकूणवजन’ असे झाले असेल, तर पुढचे काहीच करण्याची गरज नाही.

त्यानंतर व्हेरिएबल कुठे जाहीर केले आहे ते पाहावे. जावा, सी-शार्प, सी-प्लस-प्लस आणि जावास्क्रिप्टमधील ‘लेट’ व ‘कॉन्स्ट’ यांची हद्द महिरपी कंसापुरती असते. ट्रायच्या कंसात जाहीर केलेले नाव कॅचमध्ये किंवा त्यानंतर दिसत नाही. ही किंमत न मिळण्याची नव्हे, नाव न सापडण्याची तक्रार आहे. जाहीर करण्याची ओळ ट्रायच्या वर नेली की ती मिटते आणि मग बहुधा किंमत न मिळण्याची तक्रार पुढे येते. दुरुस्ती फसली असे त्यावरून समजू नये. दोन दोष एकावर एक होते.

पायथनमध्ये अशी ब्लॉकची हद्द नाही, पण तिथे एक वेगळा सापळा आहे. ‘एक्सेप्ट … ॲज ई’ असे लिहिल्यावर तो ब्लॉक संपताच पायथन ३ ‘ई’ हे नाव पुसून टाकते. त्रुटीचा मजकूर नंतर लागणार असेल, तर तो ब्लॉकच्या आत दुसऱ्या नावात ठेवावा लागतो. त्याच फंक्शनमध्ये ‘ई’ नावाने आधी काही साठवले असेल तर तेही जाते. माझ्याकडे शिकायला येणारी मुले या ठिकाणी तासन्‌तास अडकलेली मी पाहिली आहेत, कारण त्यांच्या दृष्टीने त्या नावाला किंमत दिलेली स्पष्ट दिसत असते.

तिसरी तपासणी: कागदावर सर्व वाटा काढाव्यात

कागद घ्यावा, ट्रायच्या प्रत्येक ओळीशेजारी ‘इथे फिसकटले तर पुढे कुठे?’ असे लिहावे आणि बाण काढावेत. जावाचा कंपायलर हेच करतो. ट्राय व्यवस्थित पार पडल्यावर किंमत मिळालेली असली पाहिजे आणि प्रत्येक कॅचच्या शेवटीही मिळालेली असली पाहिजे. अन्यथा त्या कॅचने रिटर्न (फंक्शनमधून परत जाणे) किंवा थ्रो (एक्सेप्शन फेकणे) करून तिथूनच वाट संपवली पाहिजे. फायनलीमध्ये, म्हणजे काहीही झाले तरी शेवटी चालणाऱ्या भागात, किंमत दिली असेल तरी चालते. यांपैकी एक जरी वाट मोकळी राहिली, तरी तो अडतो.

इथे एक बारकावा आहे. कॅचमध्ये ‘संदेश दाखवून प्रोग्राम बंद करा’ असे आपले स्वतःचे फंक्शन बोलावलेले असते आणि आपल्याला ठाऊक असते की तिथून कोणी परत येत नाही. कंपायलरला ते ठाऊक नसते. जावात ‘सिस्टीम डॉट एक्झिट’ हीसुद्धा त्याच्या लेखी एक साधी हाक आहे, जिच्यानंतर पुढची ओळ चालू शकते. त्या हाकेखाली रिटर्न किंवा थ्रो लिहिले की तक्रार जाते. ती ओळ निरुपयोगी वाटली तरी काढू नये; वाट इथे संपते असे ती सांगते, आणि पुढे कोड वाचणाऱ्या माणसालाही ती उपयोगी पडते.

शून्य लिहून गप्प करणे

इथवर आल्यावर जवळजवळ प्रत्येक जण एक सोपा उपाय करतो: ट्रायच्या वर ‘वजन = ०’ लिहितो. तक्रार थांबते. मीही तसे केले होते, आणि त्याचे काय झाले ते सविस्तर सांगणे मला योग्य वाटते.

काम धान्य तोलण्याच्या एका काट्यावरचे होते; इथे त्याला सगळे तोलकाटा म्हणतात. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारी पेटी) सिरियल केबलने संगणकाला जोडलेला होता आणि प्रोग्राम एका लूपमध्ये प्रत्येक वाहनाचे वजन वाचून पावती छापत असे. लूपच्या आतला भाग असा होता:

ट्राय:
    वजन = काटा_वाचा(पोर्ट)
एक्सेप्ट टाइमआउट:
    नोंद_करा("काट्याकडून उत्तर नाही")
पावती_छापा(गाडी, वजन)

तक्रार अशी होती की कधी कधी सकाळी पहिल्याच गाडीला प्रोग्राम बंद पडतो. पुन्हा सुरू केला की दिवसभर चालतो. अहवालात ‘अनबाउंड लोकल एरर’ होती. मी लूपच्या आधी ‘वजन = ०’ ही ओळ घातली आणि सकाळचे बंद पडणे थांबले.

दोन आठवड्यांनी काटा सांभाळणारे काका दोन पावत्या घेऊन माझ्यासमोर बसले. दोन्हींवर भरलेल्या ट्रॉलीचे वजन ७,२४० किलो होते. ते म्हणाले, “ताई, ही दुसरी ट्रॉली अर्धीच भरलेली होती, माझ्या डोळ्यांसमोर काट्यावर चढली. हिचं वजन पहिलीइतकं कसं येईल?”

उत्तर कोडमध्येच होते. दुसऱ्या ट्रॉलीच्या वेळी केबलने दगा दिला, एक्सेप्टने नोंद केली आणि पुढची ओळ पावती छापायला गेली. तेव्हा ‘वजन’ या नावात मागच्या फेरीतील किंमत तशीच शिल्लक होती, कारण पायथन लूपच्या प्रत्येक फेरीत नावे पुसत नाही. दिवसाच्या पहिल्या गाडीला मागची फेरी नसते, म्हणून तेवढ्याच वेळी प्रोग्राम बंद पडत असे. म्हणजे सकाळची त्रुटी हेच या दोषाचे एकमेव प्रामाणिक रूप होते, आणि माझ्या दुरुस्तीने नेमके तेवढेच झाकले. काकांनी ट्रॉली पाहिली नसती, तर एका शेतकऱ्याचा हिशेब दुसऱ्याच्या वजनावर झाला असता.

म्हणून या त्रुटीकडे मी आता अशा दृष्टीने पाहते: किंमत न मिळताही पुढे जाता येईल अशी एक वाट कोडमध्ये आहे, एवढे ती सांगते. ती वाट बंद करायची असते. शून्य लिहिल्याने वाट उघडीच राहते, फक्त तिच्यावरून आता खोटी किंमत जाते. शून्य ही खरोखरच अर्थपूर्ण किंमत असेल, उदाहरणार्थ ‘आतापर्यंत किती वेळा प्रयत्न केला’ ही मोजणी, तर ते जरूर लिहावे. वजन, रक्कम, तापमान, शिल्लक यांच्या बाबतीत मात्र ‘वाचता आले नाही’ आणि ‘शून्य आले’ या दोन पूर्णपणे निराळ्या गोष्टी आहेत.

चौथी तपासणी: वापर आत घ्यावा किंवा वाट तोडावी

वरच्या उदाहरणात दुरुस्ती एका शब्दाची होती: एक्सेप्टच्या शेवटी ‘कंटिन्यू’ लिहिले, म्हणजे वजन न आल्यास त्या फेरीत पावती छापण्याची ओळ चालतच नाही. सोबत पडद्यावर ‘वजन आले नाही, गाडी काट्यावरच ठेवा’ असा स्पष्ट संदेश दिला.

पायथनमध्ये याहून नेटका मार्ग म्हणजे ट्रायचा ‘एल्स’ भाग. ट्रायमध्ये एक्सेप्शन आले नाही आणि तो शेवटपर्यंत पोचला तरच तो चालतो, म्हणून पावती छापण्याची ओळ तिथे ठेवता येते. ती ट्रायमध्येच का टाकू नये, असे कोणी विचारेल. तसे केल्यास प्रिंटरचा टाइमआउटही काट्याचा टाइमआउट म्हणून पकडला जाईल आणि लॉग चुकीच्या यंत्राकडे बोट दाखवेल. ट्रायमध्ये जितक्या कमी ओळी, तितके निदान सोपे.

मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे वाचण्याचे काम स्वतंत्र फंक्शनमध्ये नेणे. ते फंक्शन एकतर खरी किंमत परत देते किंवा एक्सेप्शन फेकते. अर्धवट अवस्थेला त्यात जागाच नसते. जावात ‘फायनल’ (एकदाच किंमत मिळू शकणाऱ्या) व्हेरिएबलला ट्रायमध्ये एक आणि कॅचमध्ये दुसरी किंमत देऊ पाहिल्यास ‘माइट ऑलरेडी हॅव बीन असाइन्ड’ अशी उलटी तक्रार येते. तिच्यावरही हाच उपाय लागू पडतो.

पाचवी तपासणी: फायनलीमधील आवराआवर

डेटाबेसची जोडणी किंवा फाइल ट्रायमध्ये उघडायची आणि फायनलीमध्ये बंद करायची, ही पद्धत सर्वत्र आढळते. उघडणेच फसले तर बंद करण्यासाठी नावात काही नसते, आणि त्रुटी फायनलीमध्ये येते. जावातील जुन्या कोडमध्ये यावर आधी ‘नल’ (काहीच नाही अशी खूण) देण्याची प्रथा आहे. त्यानंतर फायनलीत नलची तपासणी विसरली, तर ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ येते आणि ते मूळ एक्सेप्शनची जागा घेते. पासवर्ड चुकला होता की सर्व्हर बंद होता, हे मग कळायला मार्ग उरत नाही.

पहिला उपाय म्हणजे उघडण्याची ओळ ट्रायच्या वर नेणे: उघडले तरच ट्राय सुरू होईल आणि उघडले असेल तरच फायनली बंद करेल. त्याहून चांगला उपाय भाषेनेच दिला आहे. जावा ७ मध्ये, म्हणजे २०११ पासून, ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. पायथनमध्ये ‘विथ’ आहे, सी-शार्पमध्ये ‘यूझिंग’ आहे, आणि सी-प्लस-प्लसमध्ये ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारा डिस्ट्रक्टर हेच काम करतो. नव्या कोडमध्ये हाताने आवराआवर लिहिण्याचे कारण मला क्वचितच सापडते.

सहावी तपासणी: साधनांकडून शोध

एवढ्यानेही जागा सापडली नाही, किंवा कोड हजारो ओळींचा असेल, तर साधने लावावीत. पायथनसाठी पायलिंट आणि पायराइट ही दोन्ही साधने प्रोग्राम न चालवता अशी व्हेरिएबले दाखवतात आणि दोन्ही विनामूल्य आहेत. लूपमध्ये शिल्लक राहिलेली किंमत मात्र ती नेहमी पकडतील असे धरून चालू नये. लूपच्या आधी शून्य लिहिलेले असेल तर त्यांच्या दृष्टीने सर्व ठीक असते.

सी आणि सी-प्लस-प्लससाठी जीसीसी या कंपायलरमध्ये सर्व वॉर्निंग सुरू कराव्यात आणि सोबत ऑप्टिमायझेशनही सुरू ठेवावे, कारण ते बंद असताना कंपायलर व्हेरिएबलच्या अवस्थेचा माग ठेवत नाही आणि ‘कदाचित किंमत नसेल’ ही वॉर्निंग येत नाही. पुढची पायरी व्हॅलग्रिंड, म्हणजे प्रोग्राम चालवून मेमरीच्या चुका शोधणारे साधन. ते प्रोग्राम कित्येक पटींनी संथ करते, परंतु किंमत नसलेल्या आकड्यावर निर्णय घेतला गेल्यास ती जागा दाखवते. क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा मेमरी सॅनिटायझर अधिक वेगवान आहे, पण त्यासाठी वापरात असलेली प्रत्येक लायब्ररी त्याच पद्धतीने पुन्हा बांधावी लागते. अन्यथा खोट्या तक्रारी येतात. म्हणून त्याचा क्रमांक शेवटचा.

दुरुस्तीनंतर त्रुटी मुद्दाम घडवून पाहावी. काट्याच्या बाबतीत मी प्रोग्राम चालू असताना केबल काढली: एकदा पहिल्याच गाडीला, एकदा मधल्या गाडीला आणि एकदा वजन वाचण्याच्या मध्यावर. तिन्ही वेळा पावती छापली गेली नाही, तेव्हाच मी तिथून उठले.

कुठे थांबावे

आकडे आधीच चुकीचे साठवले गेले असतील, तर कोडला हात लावण्यापूर्वी डेटाबेसची प्रत काढावी आणि मालकाला व हिशेब पाहणाऱ्याला लगेच कळवावे. कोणती नोंद खरी आणि कोणती शिळी हे प्रोग्रामरने अंदाजाने ठरवू नये. लॉगमधील टाइमआउटच्या वेळा आणि पावत्यांच्या वेळा जुळवून संशयित नोंदींची यादी करून द्यावी, निर्णय त्यांचा.

काटा, वैद्यकीय उपकरण, लिफ्ट किंवा पैशांचा व्यवहार यांच्याशी कोड जोडलेला असेल आणि तिसऱ्या तपासणीनंतरही कारण उमगले नसेल, तर प्रयोग थांबवून त्या यंत्रणेच्या जाणकाराला बोलवावे. व्यापारी काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन वैधमापन कायदा, २००९ नुसार झालेले असते. इंडिकेटरमध्ये दोष आहे असे वाटले तरी सील तोडून तो स्वतः उघडू नये, परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच जावे.

सी-प्लस-प्लसमध्ये डीबग बिल्ड (तपासणीची प्रत) बरोबर आणि रिलीज बिल्ड (वापरायची प्रत) चुकीचे चालत असेल, एकाहून अधिक थ्रेड (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या वाटा) तेच व्हेरिएबल वापरत असतील, किंवा जुन्या सी कोडमध्ये सेटजंप आणि लाँगजंप (मागे खूण केलेल्या जागी थेट उडी मारणारी जोडी) आढळले, तर अनुभवी माणसाशिवाय पुढे जाऊ नये. लाँगजंपने परत आल्यावर, मधल्या काळात बदललेल्या साध्या स्थानिक व्हेरिएबलची किंमत काय असेल याची हमी भाषा देत नाही, आणि तिथे ‘चालतंय ना’ हा पुरावा होत नाही.

ज्याला बोलवाल त्याच्या हाती मूळ त्रुटीचा पूर्ण मजकूर, भाषेची व कंपायलरची आवृत्ती, बाण काढलेला तो कागद आणि लॉगमधील, दोष घडण्याआधीच्या पन्नास ओळी द्याव्यात. मध्ये कुठे ‘= ०’ किंवा ‘= नल’ लिहून तक्रार गप्प केली असेल, तर ती ओळ काढून टाकून मगच कोड द्यावा आणि ती कुठे होती हेही सांगावे.